दुमडलेले पान

आमच्या घरी दिवाळी रुळांवरून यावयाची. आमगाव हे मुंबई-हावडा मार्गावरचे लहानसे स्टेशन. जिल्हा तेव्हा भंडारा. गोंदिया जिल्हा झाला तो १९९९ साली. बाबा धानाच्या एका व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. हिशेबाच्या निमित्ताने ते नागपूरला गेले, की परतताना पिशवीत एक दिवाळी अंक असे. एकच! दिवाळी अंकाची चाल 'मनोरंजन'च्या का. र. मित्रांनी १९०९ साली पाडली. त्या भल्या गृहस्थांना आपण घरोघरी केवढी भांडणे लावून ठेवीत आहोत, याची कल्पना नसावी. अंक आधी कोणी वाचायचा? बाबांनी तोडगा काढला : कोणीच नाही. रात्री जेवणे आटोपली, की कंदिलाशी बसून ते मोठ्याने वाचीत, आणि आम्ही तिघे भावंडे, आई व आत्या ऐकत असू.

अंक संपला, की पुस्तके निघत. 'श्यामची आई'तल्या प्रकरणांना साने गुरुजींनी 'रात्र' असेच नाव दिलेले; तेव्हा एका रात्री एकच, अधिक मागणाऱ्याला बाबा दाद देत नसत. चिमणराव मात्र त्यांना आवरत नसे. वाचता वाचता त्यांनाच इतके हसू येई, की पुढचे वाक्य आम्हांला अंदाजाने समजून घ्यावे लागे. आई ऐकताना तांदूळ निवडी. विनोद फार रंगला, तर खडे तांदळातच राहून जात, आणि दुसऱ्या दिवशी भात खाताना त्याची पुन्हा आठवण होई.

आत्या उंबऱ्यापाशी, उजेडाच्या जरा बाहेर बसे. लग्नानंतर दोन वर्षांतच तिला माहेरी आणून सोडले होते. का, ते आम्हां मुलांना कोणी सांगितले नाही. गावाला मात्र सगळे ठाऊक होते. आणि जे ठाऊक नव्हते, तेही गाव सांगत असे.

एका वर्षी बाबांनी 'उत्तररामचरिता'चे मराठी भाषांतर आणले. आमगावाजवळचे पदमपूर तेच भवभूतीचे पद्मपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मत. आठव्या शतकातला एवढा मोठा कवी आपला शेजारी निघावा, याचा बाबांना कोण अभिमान! पहिल्या अंकात लक्ष्मण चित्रे दाखवितो, आणि राम-सीता आपल्याच आयुष्याची ती चित्रे पाहत गेल्या दिवसांच्या आठवणी काढतात. आम्ही मुले खूश झालो. तेही घर आमच्यासारखेच एकत्र जमून वाचीत बसले होते की! मग सीता दमून रामाच्या हातावर डोके ठेवून झोपी जाते, आणि लोक काय बोलतात ते सांगायला दुर्मुख येतो.

तिथे बाबांनी पान दुमडले. "राहिलेले उद्या," म्हणाले. त्यांची नजर उंबऱ्याकडे गेलेली मी पाहिली. दुसऱ्या रात्री 'चांदोबा'तला वेताळ निघाला, आणि तो उद्या काही आला नाही.

बाबा गेले त्यानंतरच्या दिवाळीत मी नागपूरहून घरी आलो. कॉलेजात संस्कृत घेतले होते. रात्री आत्याच म्हणाली, "ते रामाचं अर्धं राहिलं होतं. वाचतोस?"

मी घुटमळलो.

"थांबून काहून राहिलास? पुढचं ठाऊक आहे मला. त्यानं कसं लिहिलं, ते ऐकायचं आहे."

तीन रात्री वाचन चालले. तिसऱ्या अंकात राम दंडकारण्यात सीतेसाठी शोक करतो, आणि ती जवळच असून त्याला दिसत नाही. माझाच आवाज जड झाला. आत्या म्हणाली, "रडला म्हणे! आधी एकदा विचारलं असतं तिला."

सातव्या अंकात नाटकातच नाटक होते. भवभूतीने इथे कथा बदलली आहे. त्याची सीता धरणीच्या पोटात राहत नाही. गंगा आणि पृथ्वी तिला अरुंधतीच्या स्वाधीन करतात. अरुंधती पौरजनांना चांगले खडसावते, आणि सगळी प्रजा सीतेला नमस्कार करते.

"लोकांनी हात जोडले?" आत्याने विचारले.

"हो."

"तेवढं पुन्हा वाच."

वाचले. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावले. आईचा सुपातला हात थांबला होता. आत्या उठली, उंबऱ्यापाशी ठेवलेला आपला पाट उचलून तिने दिव्याजवळ मांडला, आणि त्यावर नीट बसली.

"आता दिवाळी अंक काढ," ती म्हणाली. "काही हसण्यासारखं आहे का बघ."