जमेची बाजू

माझे वडील गावच्या सेवा सोसायटीत हिशेबनीस. रात्री जेवणे आटोपली की घरचा जमाखर्च चोपडीत उतरविल्याशिवाय ते अंथरुणावर पडत नाहीत. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. ‘एक बाजू कोरी ठेवून केलेला हिशेब खोटा’ हे त्यांचे नेहमीचे वाक्य. ते एके दिवशी माझ्यावरच उलटेल असे मात्र मला कधी वाटले नव्हते!

आजोबा वारले आणि सामाईक विहिरीच्या पाण्यावरून वडिलांचे व काकांचे बिनसले. ऐन उन्हाळ्यात काकांनी आमची पाण्याची पाळी बंद केली. डोळ्यांदेखत अर्धा एकर कांदा करपला. त्याच कांद्याच्या भरवशावर आईने माझी कॉलेजची फी धरली होती. तेव्हापासून मी एका वहीत काकांचे अपराध तारीखवार लिहू लागलो. वसतिगृहातही ती वही माझ्या उशाशी असे. पाहता पाहता सतरा कलमे झाली. आपण अन्याय विसरत नाही, याचा मला एक प्रकारे अभिमानच वाटे.

गेल्या नाताळच्या सुट्टीत घरी गेलो. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय घेतला होता. हे पत्र प्रेषित पौलाने कैदेतून लिहिले. त्या मंडळीतील दोन स्त्रियांचे पटत नव्हते. त्यांनी एक व्हावे अशी विनवणी करून थोड्याच ओळींनंतर पौल सांगतो की, जे खरे आहे, न्यायाचे आहे, वाखाणण्याजोगे आहे, तेच मनात घोळवा. पाळकसाहेब म्हणाले, “येथे मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, ते हिशेब मांडण्यासाठीही वापरीत. करिंथकरांना प्रीतीविषयी लिहिताना, ती अपकारांची नोंद ठेवीत नाही, असे सांगतानाही पौलाने तेच क्रियापद योजले आहे.”

मला उशाखालची वही आठवली.

त्या रात्री वडील चोपडी घेऊन बसले, तेव्हा मी ती वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून सारी पाने चाळली. म्हणाले, “सतराही कलमं खरी आहेत. पण डावी बाजू कुठं आहे?”

मी चिडलो. “मग कांदा जळला ते विसरू?”

“विसरू नकोस. झालेला खर्च खोडायचा नसतो. पण जमा न मांडता शिल्लक कशी काढणार, बाळा?”

मी पेन उचलले. सातवीत मला विषमज्वर झाला, तेव्हा भर पावसात तालुक्याच्या दवाखान्यात नेले ते काकांनीच. दोन रात्री ते माझ्या खाटेशेजारी बसून होते. मला पोहायला शिकविले तेही त्यांनीच, आणि तेही त्याच विहिरीत! आजोबांना मूठमाती दिल्यावर वडिलांच्या खांद्यावर डोके ठेवून ते लहान मुलासारखे रडले होते. हे सारे माझ्यासमोर घडलेले. मग इतके दिवस ते माझ्या हिशेबात का आले नाही?

दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा घेऊन आम्ही बापलेक काकांकडे गेलो. काकूंनी चहा दिला. काका फारसे बोलले नाहीत. निघताना मात्र त्यांनी विचारले, “परीक्षा कधी रे तुझी?” बस, एवढेच!

पाण्याची पाळी अजून ठरायची आहे. वडील तो प्रश्न पंचांपुढे मांडणार आहेत आणि ते योग्यच आहे, कारण पौलाच्या त्या यादीत न्यायही आहे. चांगले पाहणे म्हणजे वाइटाकडे डोळेझाक करणे नव्हे. तसे करणे हाही एक खोटा हिशेबच. पण नुसते वाईटच मोजीत बसलो, तर ज्याच्याशी आपले भांडण आहे तो माणूसच दिसेनासा होतो, आणि मग समेट करायचा तरी कोणाशी?

ती वही आजही माझ्याजवळ आहे. सतरापैकी एकही कलम मी खोडलेले नाही. फक्त डावी बाजू आता कोरी राहिलेली नाही.