निरंक या शब्दाचे तीन अर्थ

'निरंक' हा शब्द महाराष्ट्रातील कार्यालयांत जसा चालतो तसाच छत्तीसगढच्या हिंदी नस्त्यांतही चालतो. तक्त्याच्या रकान्यात लिहिण्यासारखे काही नसले की निरंक लिहावे आणि मोकळे व्हावे. भिलाईतील माझ्या नेमणुकीत या शब्दाने मला एक धडा दिला. तो इथे नोंदवून ठेवावासा वाटतो, कारण त्यातील चूक माझ्याच सहीने झाली होती.

भिलाई हे यंत्रांचे गाव. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत-सोव्हिएत करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले, आणि पोलाद कारखान्याच्या आधाराने ठेकेदार, क्रेनवाले, रोलरवाले असा एक वर्गच इथे वाढला. बांधकामाच्या निविदेत ठेकेदाराने आपल्या मालकीची यंत्रे दाखवायची आणि ती खरोखर त्याची आहेत की नाहीत हे कार्यालयाने तपासायचे, अशी पद्धत असते. त्यासाठी आमच्याकडे एक संगणकीय सुविधा होती. तंत्रज्ञ तिला एपीआय म्हणत. वाचकांनी ती कचेरीतील खिडकीसारखी समजावी. ठरलेल्या नमुन्यात चिठ्ठी आत द्यायची, ठरलेल्या नमुन्यात उत्तर बाहेर येते. आत कोणते दप्तर उघडले गेले, किंवा उघडले तरी गेले का, हे बाहेरच्याला दिसत नाही.

पुढे नवी सुविधा आली आणि जुनी बंद झाली. कंत्राटावरील प्रोग्रामर मुदत संपताच निघून गेला. त्यानंतर काही महिन्यांनी माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज आला. अर्जदाराचे वडील विदर्भातून कारखान्यात नोकरीला आलेले. तो स्वतः अनेक वर्षे दुसऱ्याच्या यंत्रावर ऑपरेटर होता, आणि मग कर्ज काढून त्याने आपला बॅकहो घेतला होता, ज्याला आपण सारे सरसकट 'जेसीबी' म्हणतो. त्याची पहिलीच निविदा तांत्रिक छाननीत बाद झाली होती. कारण एकच : यंत्राची नोंद निरंक. त्याने चार प्रश्न विचारले होते. तपासणी कोणत्या दिवशी झाली? कोणता क्रमांक विचारला? उत्तर काय आले? आणि त्या उत्तराचा अर्थ काय?

अर्ज देताना तो मला भेटला होता. "साहेब, यंत्र माझ्या दारात उभं आहे, अन् तुमचा कागद म्हणतो ते नाहीच. हप्ता मात्र दर महिन्याला जातो," एवढेच तो म्हणाला.

माझ्या सहकाऱ्यांनी टिपणी ठेवली की चौथा प्रश्न 'माहिती' या व्याख्येत बसत नाही. जी माहिती अभिलेखात नाही ती नव्याने तयार करून देण्याचे बंधन नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात म्हटलेले आहे. टिपणी कायद्याला धरून होती. परंतु त्याच २००५ च्या कायद्याचे कलम ४(१)(घ) असे सांगते की प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला द्यावीत. ज्या शब्दाच्या आधारे मी निविदा बाद केली त्याचा अर्थ मलाच सांगता येत नसेल, तर मी कारण दिले असे कसे म्हणावे? म्हणून बंद पडलेल्या सुविधेचे दप्तर आम्ही उलट्या क्रमाने लिहायला बसलो.

हाताशी फारसे काही नव्हते. डेटा एंट्री करणाऱ्या एका कर्मचाऱ्याने आपल्या वहीत नमुन्याचे प्रश्न आणि आलेली उत्तरे उतरवून ठेवली होती. सर्व्हरवर विचारणांची दिनांकवार नोंद शिल्लक होती. तीन आठवड्यांत जे उलगडले ते असे की निरंक या एका शब्दाला तिथे तीन अर्थ होते.

पहिला अर्थ सरळ : शोधले, सापडले नाही.

दुसरा : या यंत्राची वाहन म्हणून नोंदच होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील बांधकाम-उपकरण वाहनाच्या व्याख्येत रबरी टायरची किंवा पोलादी ड्रमच्या चाकांची यंत्रे येतात. साखळीवर चालणारा एक्स्कॅव्हेटर त्या वर्णनात बसत नाही, त्याची ओळख उत्पादकाच्या अनुक्रमांकावरूनच पटवावी लागते. यंत्र की वाहन, हा वाद जुनाच आहे. बोलानी ओअर्स प्रकरणात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणीतील डंपरना नोंदणी लागते पण मालकाच्या आवारातच वापर असल्याने वाहनकर लागत नाही, असा भेद केला होता.

तिसरा अर्थ सर्वांत घातक : पलीकडचा सर्व्हर बंद होता, त्यामुळे शोधलेच नाही.

अर्जदाराच्या तपासणीच्या दिवशी दुपारी दोन तास प्रत्येक विचारणेला निरंक असेच उत्तर गेले होते. त्यात आमच्याच आवारात उभ्या असलेल्या, आमच्याच मालकीच्या रोड रोलरचाही क्रमांक होता. कुणीतरी चाचणी म्हणून तो टाकला असावा. उत्तर पाहून त्याला शंका कशी आली नाही, असे मी विचारणार होतो, पण आलेल्या कागदावर मीही शंका न घेता सही केली होती.

इंटरनेटच्या मूळ संकेतांत हे भेद केव्हाच केलेले आहेत. ४०४ म्हणजे सापडले नाही, ४१० म्हणजे होते पण कायमचे गेले, ५०३ म्हणजे सेवा सध्या उपलब्ध नाही. सेवा कोणत्या तारखेला बंद होणार हे आगाऊ कळवण्याचा संकेतही २०१९ साली प्रसिद्ध झाला. भारत सरकारच्या २०१५ च्या मुक्त एपीआय धोरणात प्रत्येक एपीआयचे नीट दस्तऐवजीकरण, नमुना संकेतावली आणि तिचा जीवनक्रम जाहीर करणे अपेक्षित आहे. आमच्या खिडकीने मात्र हे सारे भेद एका सोयीच्या शब्दात बुडवले होते.

निविदेचे काम तोवर दुसऱ्या ठेकेदाराने पूर्ण केले होते, ते परत फिरवता येणे शक्य नव्हते. मी नस्तीवर लिहिले की बाद करण्याचे कारण चुकीचे होते, अर्जदाराचा दोष नव्हता, आणि तपासणीची खात्री न करता सही मी केली. त्याची प्रत त्याला पाठवली, म्हणजे पुढच्या निविदेत 'पूर्वी अपात्र' हा शेरा त्याच्या आड येऊ नये. त्याचे वर्ष मात्र मला परत देता आले नाही.

बंद झालेल्या सुविधेचे ते अकरा पानी दप्तर आज कुणी वाचत नसेल. पण तिच्या उत्तरांवर घेतलेले निर्णय जुन्या नस्त्यांमध्ये अजून आहेत आणि त्यांची झळ लागलेली माणसेही आहेत. म्हणून माझ्या मते कोणतीही संगणकीय सेवा बंद करताना तीन गोष्टी अभिलेख कक्षात जमा झाल्याच पाहिजेत : प्रत्येक उत्तराचा अर्थ, विचारणांची दिनांकवार नोंद, आणि ती सेवा कोणत्या दिवशी बिघडली होती त्याची यादी. आणि अधिकाऱ्याने निरंक या शब्दाखाली सही करण्यापूर्वी एवढे तरी विचारावे : नाही म्हणता, की पाहिलेच नाही?