घेण्याचा वेग व देण्याचा हात

डाउनलोडचा वेग कसा वाढवावा, हा प्रश्न आमचे विद्यार्थीमित्र आम्हांस वारंवार विचारतात. त्यांपैकीं पुष्कळांची अशी समजूत असते कीं, आपल्याकडून बाहेर जाणारा प्रवाह, म्हणजे अपलोड, बंद केला म्हणजे सारी वाट आपल्याच कामीं येईल. बिटटॉरेंट या पद्धतींत हा हिशेब साफ खोटा ठरतो. तो कां, हें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

ही पद्धति ब्रॅम कोहेन या अमेरिकन संगणकतज्ज्ञानें २००१ सालीं प्रचारांत आणिली. मोठी फाइल एकाच भांडारांतून सर्वांनीं ओढूं म्हटलें, तर गर्दी होऊन सर्वांचाच खोळंबा होतो. म्हणून येथें फाइलीचे अनेक लहान तुकडे पाडितात. ज्याच्यापाशीं जो तुकडा आला तो त्यानें इतरांस द्यावा, व आपणांपाशीं नसलेला दुसऱ्याकडून घ्यावा, असा नियम आहे. मंडळींत जो तुकडा सर्वांत दुर्मिळ, तो आधीं मागवितात. त्यामुळें तो अजीबात नाहींसा होण्याचें भय कमी होतें.

आतां वेगाचें मर्म पाहूं. मूळ योजनेप्रमाणें प्रत्येक संगणक दर १० सेकंदांनीं, आपणांस अधिक वेगानें कोण देत आहे, हें पाहतो, आणि मुख्यत्वें अशा मोजक्यांसच आपले तुकडे देतो. शेतकऱ्यांच्या सावडीचाच हा न्याय होय. जो दुसऱ्याच्या शेतांत राबला नाहीं, त्याच्या बांधावर कोण येणार? तथापि देण्यासही प्रमाण हवें. बाहेरची वाट कांठोकांठ भरली, तर आलेल्या मालाच्या पोंचपावत्याही त्याच गर्दींत अडकतात, आणि येणारा माल मंदावतो. म्हणून अपलोडची मर्यादा वाटेच्या सुमारें चार-पंचमांश ठेवावी. राउटरमध्यें या कामापुरतें द्वार उघडें असावें, म्हणजे इतरांस आपल्यापर्यंत पोंचतां येतें. वाय-फाय क्षीण असेल तेथें तार जोडावी. आणि ज्या फाइलीचे पूर्ण धनी, म्हणजे सीड, पुष्कळ असतील ती निवडावी. मात्र ज्या वस्तूच्या वाटपास तिच्या कर्त्याची मुभा आहे, तीच घ्यावी व तीच द्यावी, हें पालकांनींही पाहावें.

परंतु सारा व्यवहार अशा देवघेवीवरच चालता, तर नवख्याची काय गति झाली असती? त्याच्यापाशीं देण्यास कांहींच नसतें! म्हणून दर ३० सेकंदांनीं, त्यानें कांहीं दिलें नसलें तरी, एखाद्या नव्या सोबत्यास संधि देण्याची तजवीज या योजनेंत आहे. सावड सुरू होण्यास आधीं कोणी तरी फुकट राबावें लागतें.

याचा प्रत्यय आम्हांस गेल्या वर्षीं आला. शेजारच्या एका मुलीचा जुना संगणक पुन्हा चालता करावा, म्हणून आम्ही लिनक्सची एक जुनी, सर्वांस खुली असलेली आवृत्ति मागवीत होतों. फाइल शेंकडा ९८ वर येऊन थांबली. उरलेले तुकडे ज्या एकापाशीं होते, त्याचा संगणक बंद होता. आमच्या तारेचा, राउटरचा वा मर्यादांचा तेथें कांहींएक उपयोग नव्हता. मुलगी रोज येऊन विचारी, "आज झालें कां हो, काका?" आणि आम्ही मान हालवीत असूं. तिसऱ्या रात्रीं तो अनोळखी मनुष्य परतला, व थोड्याच वेळांत राहिलेलें सारें आलें. त्याची फाइल केव्हांच पूर्ण होती. आमच्याकडून त्यास घेण्यासारखें कांहींच नव्हतें. तो कोण, कोठला, हें आम्हांस आजही ठाऊक नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मुलीचा संगणक सुरू झाला. आमचें काम संपलें होतें, तरी आम्हीं आपला संगणक बंद केला नाहीं. विजेचा थोडा खर्च वाढला खरा; पण ती फाइल देणारे आतां निदान दोघे झाले.