वाळूवरचें अरण्य

ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड प्रांताच्या पूर्व किनाऱ्यालगत सुमारें १२० किलोमीटर लांबीचें एक बेट आहे. चार-दोन खडक सोडले तर तें सबंध वाळूचें. एवढें मोठें वाळूचें बेट जगांत दुसरें नाहीं. नकाशांत दीर्घकाल तें ‘फ्रेझर’ या नांवानें दाखविलें जाई. २०२३ सालीं बुचुल्ला या मूळ रहिवाशांचें ‘गर्री’ हें नांव सरकारनें त्यास परत दिलें. त्याचा अर्थ स्वर्ग.

वाळू म्हटल्यावर आमच्या मंडळींनीं मनांत मारवाड उभा केला होता. परंतु तरींतून उतरून मोटार आंत शिरली, तों दोहों बाजूंस किर्र अरण्य! वांगूलबा ओढा इतका नितळ व निःशब्द वाहतो, कीं मुलांस तो कोरडाच भासला. मातीवांचून हे प्रचंड वृक्ष जगतात तरी कसे? वाऱ्यापावसाबरोबर येणारे क्षार, आधींच्या झाडांचा कुजलेला पाला आणि मुळांशीं नांदणारी बुरशी, एवढ्यावरच त्यांचा संसार. त्यांतील सॅटिने वृक्षाचें लाकूड खाऱ्या पाण्यांत टिकतें, म्हणून तें थेट सुएझ कालव्यापर्यंत गेलें. ही तोड १९९१ सालीं थांबली व दुसऱ्याच वर्षीं बेट जागतिक वारशांत गणलें गेलें. तेवढ्यानें धोका टळला असें मात्र नव्हे; २०२० सालीं बेकायदा पेटविलेल्या एका शेकोटीनें सुमारें निम्में बेट होरपळलें.

बूरंगूरा तळ्याच्या कांठची वाळू कापरासारखी शुभ्र. या तळ्यास ओढा मिळत नाहीं, कीं त्यांतून निघत नाहीं. पाणी केवळ पावसाचें. वाळू व कुजका पाला यांचा थर तळाशीं टणक झाल्यामुळें तें झिरपून जात नाहीं. तेव्हां अंगास फासलेलें मलम वा साबण, जें पाण्यांत पडेल तें तेथेंच सांचावयाचें. आम्हीं नुसते पाय भिजविले.

पूर्व किनाऱ्यावर मोटारींत बसून फराळ करीत होतों, तों एक डिंगो, म्हणजे तेथला रानकुत्रा, दुरून पाहत उभा राहिला. जेवणाआधीं कुत्र्याचा घांस बाजूस काढणें हा आत्याबाईंचा आजन्म नेम. येथें मात्र त्यास अन्न घालणें गुन्हा आहे. घांसास सोकावलेला डिंगो माणसाची भीड सोडतो; २००१ सालीं डिंगोंच्या हल्ल्यांत एका नऊ वर्षांच्या मुलाचा जीव गेला, आणि पाठोपाठ अनेक डिंगोंनाहि मारण्यांत आलें. हें ऐकून आत्याबाईंनीं हातांतली दशमी पुन्हां डब्यांत ठेविली. डिंगो थोडा वेळ थांबला आणि लाटांच्या कडेकडेनें उत्तरेकडे चालूं लागला.