बेंबळीचे जुने दप्तर

धाराशिवाहून पूर्वेस सुमारे वीस किलोमीटर गेले म्हणजे बेंबळी लागते. आमच्या एका आप्तांकडील शेतवाटणीच्या निमित्ताने आम्हांस तेथे जाण्याचा योग आला. सभोवार काळी जमीन, तीत रब्बीची ज्वारी आणि हरभरा. बोलणे तर ठसठशीत मराठवाडी. या मुलखात शतकानुशतके फारसीचा अंमल होता, हे तेथे कोणाच्या ध्यानीही येऊ नये.

परंतु यजमानांनी पत्र्याची पेटी उघडून तांबडा रुमाल सोडला, आणि तो अंमल आमच्यासमोर उलगडला. निजामाच्या राज्यात १८८४ च्या सुमारापर्यंत दरबारी कारभार फारसीत चाले; पुढे १९४८ पर्यंत तो उर्दूत चालला. गावचा कुळकर्णी मात्र आपला हिशेब मोडीतच लिही. म्हणून एकाच रुमालात मोडीचे ताव आणि उर्दूतील खरेदीखत शेजारी शेजारी निघाले. घरात मात्र दोन्ही लिप्या जाणणारे कोणी उरले नव्हते!

तंटा विहिरीचा होता. दोन्ही भावांकडील मंडळी ती आपलीच म्हणत होती. अखेर शेजारगावचे एक वृद्ध उर्दू शिक्षक आले. चष्मा पुसून त्यांनी वाचले, ‘बहमन १३४० फसली’. फसली सनात ५९० मिळवावे, बहमन म्हणजे साधारण डिसेंबर. अर्थात खत १९३० सालचे. हे महिने थेट इराणातून आलेले! पुढे ‘हुदूदे अर्बा’, म्हणजे आपली चतुःसीमा, वाचून झाली. आणि विहिरीत दोघांचाही निम्मा वाटा असल्याचे निघाले. दोन वर्षे परस्परांचे तोंड न पाहिलेले चुलतभाऊ त्या दुपारी एका पंगतीस बसले.

शिवछत्रपतींच्या काळी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला, याचा आपणांस अभिमान आहे व तो रास्तच आहे. तरीही ‘रास्त’, ‘जमीन’, ‘दप्तर’, ‘रुमाल’ हे शब्द आपल्या घरात नांदतातच. शब्द राहिले, ते ज्या लिपीत आले ती वाचणारे मात्र सरले. याची किंमत केवढी, ते २०२३ साली दिसून आले. त्या वर्षी मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि निजामकालीन कागद उकलण्यासाठी मोडी व उर्दू जाणणारांची एकाएकी निकड भासू लागली.

वाचकहो, आपल्याही माळ्यावर असा एखादा रुमाल असेल. दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीत घालू नये. घरातील एका तरी मुलास वा मुलीस मोडी शिकवावी, आणि उर्दू जाणणारा एखादा वृद्ध गावात असेल तोवरच त्यांस घरी बोलवावे. आपल्या आजोबांचे म्हणणे परक्या लिपीत असले, म्हणून ते परके होत नाही.