अर्जात काय लिहावे?

माझी ताई डॉक्टर आहे. गेल्या सप्टेंबरमध्ये तिने अमेरिकेत फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या तीन वर्षांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी अर्ज केला. तयारी मे महिन्यापासून चालू होती आणि मी उन्हाळी सुट्टीत घरी होतो. अर्ज तिचा होता, पण त्यातून मला जे कळले ते एसएसबीची तयारी करणाऱ्या माझ्या वर्गमित्रांना आणि त्यांच्या पालकांनाही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून लिहीत आहे.

आपल्याकडे डॉक्टरांना पदव्युत्तर जागा मिळते ती नीट-पीजीच्या गुणानुक्रमावर. तुम्ही आजवर काय केलेत, हे तिथे कोणी विचारत नाही. दहावी, बारावी, एमबीबीएस प्रवेश, सगळीकडे ताईला फक्त गुण विचारले गेले. अमेरिकेतही परीक्षा आहेतच. पण यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याचे गुण २०२२ पासून जाहीर होत नाहीत, केवळ उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळते. दुसऱ्या टप्प्याचे गुण मिळतात, पण अर्ज तिथेच संपत नाही. ‘इरास’ या संगणकीय व्यवस्थेतून तो भरायचा असतो. त्यात जास्तीत जास्त १० अनुभव लिहिता येतात. प्रत्येक अनुभवाच्या वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा. त्यांतले ३ अनुभव सर्वांत महत्त्वाचे म्हणून निवडायचे आणि ते का, हे आणखी ३०० अक्षरांत सांगायचे. शिवाय एक आत्मनिवेदन आणि वरिष्ठांची शिफारसपत्रे.

ताईने वहीत यादी केली तेव्हा २३ गोष्टी झाल्या. रक्तदान शिबिर, स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन, प्रश्नमंजूषेतले दुसरे बक्षीस, दोन दिवसांच्या तीन कार्यशाळा. ती म्हणाली, “यातलं काय ठेवू आणि काय काढू, काही कळत नाही.”

मला आमचा पीआयक्यू आठवला. एसएसबीला पहिल्याच दिवशी हा फॉर्म भरावा लागतो. आईवडिलांचा व्यवसाय, शिक्षण, खेळ, छंद, सांभाळलेल्या जबाबदाऱ्या, सगळे त्यात येते आणि मुलाखत घेणारे अधिकारी तोच समोर ठेवून प्रश्न विचारतात. सरावाच्या वेळी आम्हाला एकच नियम सांगितला होता: जे लिहाल त्यावर दहा मिनिटे बोलता आले पाहिजे. मी ताईला तेच सांगितले आणि मुलाखतकार होऊन समोर बसलो. संध्याकाळपर्यंत २३ च्या ९ झाल्या. मी म्हणालो, अजून एक जागा रिकामी आहे. ती म्हणाली, “राहू दे रिकामी.”

पण राहिलेल्या नऊंचीही पंचाईत होती. एमबीबीएसनंतर एक वर्ष तिने प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्रित वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले. त्याबद्दल तिने लिहिले होते: बाह्यरुग्ण विभाग, प्रसूती, लसीकरण व राष्ट्रीय कार्यक्रमांची अंमलबजावणी. मी विचारले, “हे तर त्या खुर्चीवर बसणारा कोणीही लिहील. तू काय केलंस?”

मग तिने सांगितले. पावसाळ्यात पहाटे एका शेतमजुराला पोटात दुखते म्हणून आणले होते. त्याच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. अंगावर दंशाची खूण दिसत नव्हती, पण तो रात्री जमिनीवर झोपला होता. मण्यार अशीच चावते. पुष्कळदा ना सूज, ना वेदना, आणि थोड्या वेळात श्वासाचे स्नायू लुळे पडू लागतात. ताईने सर्पविषावरची लस सुरू केली, १०८ ची रुग्णवाहिका बोलावली आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत ती स्वतः हाताने अंबू बॅग दाबत त्याला श्वास देत गेली. तो वाचला. पुढच्या आठवड्यात तिने आशाताईंना सोबत घेऊन त्या वस्तीवर बैठक घेतली: खाटेवर झोपा, मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. रुग्णवाहिकेपेक्षा ही बैठक तिला जास्त महत्त्वाची वाटत होती. फॅमिली मेडिसिन का, याचे उत्तर तिथेच होते. ७५० अक्षरांत तिने तेवढेच लिहिले.

याच सुमारास एका सल्लागाराने तिला सुचवले की ठरावीक रक्कम भरली तर तीन शोधनिबंधांवर सहलेखिका म्हणून नाव घालता येईल. परदेशी अर्जाला संशोधन लागते, सगळेच असे करतात, वगैरे. ताईच्या नावावर इंटर्नशिपमध्ये मैत्रिणींसोबत केलेले रक्तक्षयाचे एक छोटे सर्वेक्षण होते, तेही अप्रकाशित. अर्जात खोटे आढळले तर चौकशी होते, हे तिला माहीत होते. पण ती म्हणाली, “चौकशीचं सोड. मुलाखतीत त्यातला एक तक्ता समजावून सांगा म्हणाले तर?” आमचे अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, “दुसऱ्याचं पदक आपल्या छातीवर लावतात का?” विषय संपला.

अण्णांचा स्वतःचा मुद्दा मात्र वेगळा होता. सरकारी महाविद्यालयात शिकलेली मुलगी परदेशी जाते, हे त्यांना मनातून पटत नव्हते. “निदान परत येणार आहे, असं तरी लिही,” ते म्हणाले. जे-१ व्हिसावर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांना पुढे दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते, पण त्यातून सूट मिळवण्याचेही मार्ग आहेत. ताई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अण्णा, यावं असं मला आज वाटतं. पण येईनच, हे मला आज माहीत नाही. जे नक्की नाही ते सही करून कसं देऊ?” अण्णा उठून गोठ्याकडे गेले. दोन दिवस घरात फारसे बोलणे झाले नाही. तिसऱ्या दिवशी ते तिला म्हणाले, “नको लिहू. खोटा शब्द देण्यापेक्षा न दिलेला बरा.” त्यांना पटले असे मी म्हणणार नाही. त्यांनी मानले, एवढेच.

सर्वांत अवघड प्रश्न आईचा होता. आरोग्य केंद्रातली सेवा संपल्यावर अकरा महिने ताईने कुठेही काम केले नाही. आईला कर्करोग झाला होता. केमोथेरपी, शस्त्रक्रिया, पुन्हा केमोथेरपी, या सगळ्यात ताई सोबत होती. मी तेव्हा वसतिगृहात होतो आणि मलाही बरेच नंतर सांगितले गेले. गावात, अगदी मावशीलाही हे माहीत नव्हते. आता आई बरी आहे. पण अर्जातल्या तारखांमधली मोकळी जागा लपत नाही, तिचा खुलासा करावाच लागतो. आयुष्यातल्या अडचणींबद्दल लिहायला तिथे एक ऐच्छिक रकानाही आहे. काही जणांनी ताईला सांगितले की हे सविस्तर लिही, वाचणाऱ्यांच्या मनाला भिडेल.

ताईने आधी आईला विचारले. माझ्या मते साऱ्या अर्जातला हा सर्वांत योग्य निर्णय होता. आई म्हणाली, “जे तू केलंस ते लिही. माझं दुखणं लिहू नकोस. आणि मी बिचारी आहे असं तर मुळीच नको.” ताईने दोन वाक्ये लिहिली: अकरा महिने कुटुंबातील एका व्यक्तीच्या उपचारांची जबाबदारी माझ्यावर होती. रुग्णाच्या नातेवाइकाला डॉक्टरचे बोलणे किती कमी समजते, हे मी त्या बाजूला बसून शिकले. आजाराचे नाव नाही, नाते नाही. तो ऐच्छिक रकाना तिने कोरा सोडला. मावशीला मात्र आईने पुढे दिवाळीत स्वतःहून सांगितले.

सुट्टी संपल्यावर मी माझ्या पीआयक्यूचा कच्चा मसुदा पुन्हा काढला. छंदाच्या रकान्यात काय लिहावे, यावर आमच्या वसतिगृहात नेहमी चर्चा होते. ट्रेकिंग, वाचन, फोटोग्राफी हे शब्द उमेदवारावर छाप पाडतात असा समज आहे. मी विहिरीवरची पाण्याची मोटार आणि स्टार्टर दुरुस्त करतो, हे लिहिले. ते मला येते आणि त्यावर दहा मिनिटेच काय, तासभर बोलता येईल. पालकांना एक विनंती आहे. मुलाच्या फॉर्ममध्ये काय शोभेल हे सुचवण्याआधी, तो घरी खरोखर काय करतो, हे त्याला विचारा.

ताईला मुलाखतींची काही बोलावणी आली. मुलाखती पडद्यावरच झाल्या, आपल्याकडच्या रात्री. दोन ठिकाणी मण्यारीबद्दल विचारले आणि एका ठिकाणी त्या अकरा महिन्यांबद्दल. लिहिले होते तेवढेच ती बोलली. निकाल मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी लागेल. आई म्हणते जागा मिळेल. अण्णा काहीच म्हणत नाहीत, पण तिची पासपोर्टची फाईल त्यांनीच कपाटात नीट लावून ठेवली आहे.