पन्नासची लेन्स एवढी मोठी का झाली?

दोन्ही लेन्स निकॉनच्या, दोन्हींवर ५० मिलिमीटर हाच आकडा. एक मामांच्या एफएम२ या फिल्म कॅमेऱ्यावरची, हातानं फोकस करायची. दुसरी मी हप्त्यावर घेतलेल्या मिररलेस झेड कॅमेऱ्याची. जुनी एफ/१.४, म्हणजे उजेड जास्त घेते, तरी वजन अडीचशे ग्रॅम. नवी एफ/१.८ आणि वजन ४१५! लांबी तर दुपटीहून जास्त. सगळी यंत्रं लहान होत असताना हीच उलटी का वाढली, काही केल्या उमगेना.

मित्र म्हणाले, आत ऑटोफोकसची मोटर आहे ना. मिनोल्टा ७००० मध्ये (१९८५) मोटर बॉडीत होती, बारीक दांड्यानं लेन्स फिरवायची. १९८७ साली कॅननने ईओएसमध्ये ती लेन्समध्येच घातली. ठीक. पण एवढीशी मोटर दीडशे ग्रॅम कशी वाढवेल?

सुरतेत भागळजवळ कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका आहेत. जुनी लेन्स माझ्या हातात देऊन म्हणाले, "रिंग फेरव, ने अंदर जो." म्हणजे रिंग फिरव आणि आत बघ. रिंग ग्रीसमधून संथ फिरली आणि काचांचा अख्खा गठ्ठा पुढे सरकला. बोटांना हे सहज जमतं. इवल्या मोटरला एवढं वजन क्षणात नेऊन नेमकं थांबवणं जड जातं, म्हणून ऑटोफोकसमध्ये बहुतेकदा आतल्या मोजक्या, हलक्या काचाच सरकतात. पण तेवढ्याच सरकल्या की चित्रात दोष शिरतात. ते निस्तरायला आणखी काचा आल्या. मामांच्या लेन्समध्ये ७ काचा, माझ्या लेन्समध्ये १२. सगळ्याच जादा काचा फोकसच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. आजच्या सेन्सरवर चित्राचा कोपरान् कोपरा धारदार लागतो, हेही त्यात आलं. उत्तरायणाला गच्चीवरून गोता खाणारा पतंग नव्या लेन्सनं पकडला, तेव्हा मला ते वजन मनापासून पटलं.

लांबीचं कोडं मात्र सुटलं नव्हतं. काकांनी अ‍ॅडॉप्टर लावून जुनी लेन्स झेडवर चढवली. त्या अ‍ॅडॉप्टरमध्ये काचेचा तुकडाही नाही, फक्त ३०.५ मिलिमीटरची पोकळी. एफएम२ मध्ये व्ह्यूफाइंडरला चित्र दाखवणारा आरसा हलायला जागा लागते, म्हणून लेन्स जिथे बसते त्या माउंटपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर आहे. झेडमध्ये आरसाच नाही, तिथे १६ मध्ये भागतं. जुन्या लेन्सला जी पोकळी बॉडीकडून मिळत होती, ती नव्या लेन्सला स्वतःच्या अंगावर घ्यावी लागली. चाळीसेक मिलिमीटरची मामांची लेन्स अ‍ॅडॉप्टरसकट सत्तरीला पोचली, नवी ८६.५ ची. लांबीतला निम्म्याहून जास्त फरक आरसा गेल्यामुळे पडला होता, त्यात मोटरचा काही संबंध नव्हता.